हाय म्हणजे आहे

कर्जतच्या आसपास आता भातापेक्षा रिसॉर्टं जास्त पिकतात. त्यातल्याच एका रिसॉर्टात परवा मला भाषणाला बोलावलं होतं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतली तरुण मंडळी हवापालटाला आली होती आणि जेवणाआधी त्यांना माझ्याकडून यशाचे पाच मंत्र हवे होते. पाच. मी घरी बसून शोधले, तर माझ्याकडे दीडच निघाला. तसं सांगितलं असतं तर बोलावणाऱ्या मुलीचा चेहरा पडला असता, म्हणून उरलेले साडेतीन मी चारफाट्यावर एका टेंपोच्या मागे अडकले असताना रचले. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या. पण या पुस्तकात थापा मारायच्या नाहीत असं मी ठरवलंय, निदान या प्रकरणात तरी, तेव्हा इथे तुम्हाला दीडावरच भागवून घ्यावं लागेल. त्या रिसॉर्टाच्या दारात एका गोड मुलीने माझ्या हातात फूल दिलं आणि म्हणाली, "हाय, मॅम." मी म्हटलं, "हाय गं बाय, अजून हाय." तिला वाटलं, बाईंनी छान उलट हाय केलं. मी मात्र तिला माझी तब्येत सांगितली होती. एकच शब्द, दोघी दोन गोष्टी बोललो आणि दोघी खूश. या शब्दाचं माझं असंच आहे. त्याने मला जेवढं रडवलं तेवढं हॉकीच्या मैदानावर कुठल्या बचावपटूच्या स्टिकने रडवलं नाही.

आमचं घर लोधिवलीच्या पलीकडे, जुन्या हायवेवरून आत वळणाऱ्या रस्त्याला. घरात माणसं पाच आणि म्हैस एक. बाबा साजगावला एका कारखान्यात वॉचमन आणि उरलेल्या वेळात शेतकरी. आई उरलेल्या वेळातसुद्धा शेतकरी. मी, धाकटा भाऊ बाळ्या, आणि बाबांची थोरली बहीण राधाआत्या. आत्याला लहानपणी देवी आल्या होत्या. एक डोळा तेव्हाच गेला आणि दुसऱ्याला उजेड कुठला आणि अंधार कुठला एवढंच कळायचं. पण घर चालायचं ते तिच्या बोटांवर. संध्याकाळी ओटीवर मांडी घालून ती मोड आलेले वाल सोलायला बसली की हायवेवरून घाटाकडे निघालेल्या ट्रकांचा गिअर बदलल्याचा घरघराट, चुलीवर फुगणाऱ्या तांदळाच्या भाकरीचा वास, आणि परातीत पडणाऱ्या डाळिंब्यांची टपटप, हे सगळं एकाच वाद्याचं वाटायचं. सालं डावीकडे, डाळिंब्या उजवीकडे. तिच्या परातीत चुकून एक साल सापडलं तर बाळ्या गावभर सांगत सुटायचा.

दिवेलागण झाली की आत्या हजेरी घ्यायची. वाल सोलता सोलताच. "भिवा, हाय का रं?" बाबा अंगणातून म्हणायचे, "हाय." "वयनी?" "हाय, चुलीम्होरं हाय, जाते कुठं." "बाळ्या?" "हाय." "शैले, हाय का गं?" मी "हाय" म्हणायचे. शेवटी "चंद्री?" आणि गोठ्यातून चंद्री म्हैस नाकातून फुर्र करायची. एकदा मी चंद्रीच्या आधी फुर्र केलं, तर आत्या म्हणाली, "चंद्रीला पडसं झालंय वाटतं, आवाज बारीक येतो." ती हसली की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही. नियम मात्र कडक होता. जो बोलला नाही तो घरात नाही. एकदा मी कशावरून तरी फुगले होते, चुलीजवळच बसले होते, पण हजेरीला बोलले नाही. आत्याने शांतपणे आईला सांगितलं, "शैली आली नाय अजून, तिची भाकर नको टाकू." आईनेही टाकली नाही. माझ्या डोळ्यांदेखत सगळे जेवले. वालाचं बिरडं होतं, वर सुकटीची चटणी. शेवटी पोटाने मानाचा पराभव केला आणि मी बारीक आवाजात म्हटलं, "हाय." आत्या म्हणाली, "अगो बाय, कवा आलीस?"

हॉकी माझ्या आयुष्यात आली ती आमच्या शाळेच्या पीटीच्या बाईंमुळे. त्या स्वतः कधीतरी विद्यापीठाकडून खेळल्या होत्या आणि बदली होऊन आमच्याकडे आल्या तेव्हा सामानात जुन्या स्टिकांचं एक बोचकं होतं. मैदान शाळेला नव्हतंच. भात कापून झालं की खाचरं मोकळी व्हायची, तेच आमचं मैदान. बांध म्हणजे बाजूची रेघ. कापलेल्या भाताची धसकटं सगळीकडे उभी, त्यामुळे चेंडू कधी सरळ आला नाही. तो धसकटावर आपटायचा, उडायचा, ससा पळाल्यासारखा भलतीकडे जायचा. आम्ही काय शिकलो, तर स्टिक जमिनीपासून वीतभर वर धरायची आणि चेंडू उसळायची वाट बघायची. यात मी इतकी तरबेज झाले की आसपासच्या शाळांतल्या मुली मला टरकून असायच्या. थंडीत खेळ संपला की बाई बांधाशेजारीच पोपटी लावू द्यायच्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कुणी घरून पळवलेली अंडी, आणि वर पेंढ्याचा जाळ. सोललेल्या घोट्यांना तो धूर झोंबायचा आणि शेंगा इतक्या गोड लागायच्या की घोट्यांची आठवण राहायची नाही. पुढे मी देशाचा शर्ट घालून बऱ्याच देशांत जेवले. त्या पोपटीची सर कशालाच आली नाही, आणि हे मी शर्टाचा मान ठेवून सांगतेय.

बाईंच्या खटपटीने मला ज्युनिअर मुलींच्या राष्ट्रीय कॅम्पला बोलावणं आलं, दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात. गावाने मला बेंजो लावून निरोप दिला. वाणीशेठने आपल्या दुकानातून नारळ फुकट दिला, ही त्या काळातली मोठी बातमी. आणि मी पहिल्याच आठवड्यात परत आले. झालं असं की तिथे मैदानावर हिरवा गालिचा अंथरलेला, वर पाणी मारलेलं. पहिला चेंडू माझ्याकडे आला, मी स्टिक वीतभर वर धरली आणि तो उसळायची वाट बघत राहिले. तो उसळलाच नाही. स्टिकखालून गुपचूप निघून गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याला मी स्टिक खाली ठेवायचं मनात ठरवलं, पण हातांनी ऐकलं नाही. हातांना धसकटं ठाऊक होती. मॅच खेळायची वेळच आली नाही. कोच सर वाईट नव्हते, ते एवढंच म्हणाले, "घर जाओ, सीख के आओ." मी गावात उतरले तेव्हा वाणीशेठ दुकानाच्या पायरीवर होता. "आलीस पन?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

घरी त्या संध्याकाळी हजेरीत मी "हाय" म्हटलं तेव्हा आत्याच्या हातातले वाल थांबले. "हितं हाय?" एवढंच विचारलं तिने. मग बाबा म्हणाले, "साजगावला आमच्या कारखान्यात माल चढवायचा कोबा हाय. रविवारी मोकळा असतो. गुळगुळीत, आरशावानी." साहेबांना विचारून त्यांनी परवानगी काढली. वर्षभर दर रविवारी बाबा फाटकाजवळ स्टुलावर बसायचे आणि मी त्या सिमेंटच्या कोब्यावर भिंतीकडे चेंडू मारायचे, परत आलेला घ्यायचे. स्टिक वर गेली की बाबा खाकरायचे. त्यांना हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण स्टिक आणि जमीन यांच्यामध्ये उजेड दिसला की खाकरायचं, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि वॉचमनला उजेड दिसणार नाही असं कसं होईल? हाताला एक शिकवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट ते विसरायला लावायला लागतो. माझ्या दीड मंत्रांतला अर्धा तो हा. अर्धाच, कारण तो माझा नाही, बाबांच्या घशाचा आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी बेंजो नव्हता, नारळही नव्हता. कर्जत स्टेशनवर बाबा आणि आत्या दोघंच आली. मला मनातून बरंच वाटलं. गाडीला मागून घाटाची इंजिनं लावत होते, तो धक्का लागला तसा डबा हलला. आत्याने विचारलं, "काय रं झालं, भिवा?" बाबा म्हणाले, "मागनं इंजिन लावलं. घाट चढेपर्यंत ढकलणार, वर गेलं की सुटणार. गाडीतल्यांना कळतबी नाय." आत्याने खिडकीतून हात आत घातला, माझं तोंड चाचपलं आणि म्हणाली, "या टायमाला लवकर येऊ नको गं." मायेचा इतका चांगला निरोप मी नंतर कुठल्या मंत्र्याच्या तोंडूनही ऐकला नाही.

या खेपेला चेंडूने मला फसवलं नाही. मला वाटलं, झालं, जिंकलं. पण सरांचा एक हट्ट होता. "बोलो," ते ओरडायचे, "मैदान पे बोलो. गूँगी लड़की का मैं क्या करूँगा?" चेंडू हवा असेल, मोकळी जागा असेल, तर हाक द्यायची. लेफ्ट, राइट, थ्रू, काय असेल ते. मी सगळे शब्द पाठ केले. पहिली सरावाची मॅच, मी उजव्या बाजूला एकदम मोकळी, चेंडू सुमनच्या स्टिकवर. ही सुमन हरियाणाची, आमची सेंटर हाफ, उंच, कुणाशी फारसं न बोलणारी. माझ्या तोंडून पाठ केलेला एकही शब्द निघाला नाही. आपल्याला कुणीतरी शोधतंय, आणि आपण इथे आहोत, अशा वेळी माझ्या तोंडून जन्मापासून जे निघत आलं तेच निघालं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "हाय! हाय!"

आता विचार करा. हिंदीत हाय म्हणजे काय? सुमनने चेंडू थांबवून माझ्याकडे पाहिलं. समोरच्या मुली थांबल्या. सरांनी शिट्टी मारली. आणि मैदानाबाहेर बसलेले फिजिओ, गुटगुटीत, अतिशय प्रामाणिक गृहस्थ, आपली बॅग घेऊन धावत आले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या धडधाकट गुडघ्यावर गार फवारा मारला. "कहाँ लगी?" ते विचारत होते. मी म्हटलं, "नाय, नाय." तर त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारला.

त्या दिवसापासून माझं नाव हाय-हाय पडलं. मी मेसमध्ये शिरले की कुणीतरी म्हणायचं, "मोर्चा आ गया." भात कच्चा असला की मला पुढे करायच्या, "चल, तू शुरू कर, मेस का खाना, हाय हाय." मुली दुष्ट नव्हत्या. घरापासून लांब आलेल्या, दमलेल्या पोरी होत्या, त्यांना हसायला काहीतरी हवं होतं. मीच त्यांच्या जागी असते तर याच्यापेक्षा चांगले विनोद केले असते. पण सतराव्या वर्षी स्वतःवरचा विनोद पचत नाही. मी तोंड मिटलं. मैदानात तो शब्द दातांपर्यंत यायचा, मी गिळायचे, आणि तो गिळण्यात इतकी शक्ती जायची की दुसरा कुठला शब्द सुचायचा नाही. खोलीत मी "आहे, नाही, आहे, नाही" असा रियाज करायचे, पुस्तकातल्यासारखा. मैदानात मी मोकळी पळायचे, रिकाम्या जागेत जाऊन उभी राहायचे आणि चेंडू दुसरीकडे जायचा. एका संध्याकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. "रविवार को आखिरी मैच है. उसके बाद कुछ लड़कियाँ घर जाएँगी," ते म्हणाले. "तेरे हाथ ठीक हो गए. लेकिन तू मुझे दिखती ही नहीं." माझ्या डोळ्यांसमोर वाणीशेठची पायरी आली. तिसऱ्यांदा बोलावणं येत नसतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

होस्टेलच्या व्हरांड्यात एक फोन होता आणि त्याच्यापुढे रोज संध्याकाळी मुलींची रांग. मी वाणीशेठच्या दुकानात फोन लावला आणि आईला बोलवा म्हणून सांगितलं. आई शेतावर होती. बाळ्या आत्याला हाताला धरून घेऊन आला. आत्याने त्याआधी कधी फोन धरला नव्हता. तिकडे बरीच खडखड झाली, बाळ्या ओरडला, "उलटा धरलास, आत्या," आणि मग तिचा आवाज आला, "शैले, हाय का गं?"

माझ्या मागे रांग होती. रांगेत लगेच मागची सुमन. मी फोनवर हात धरून हळूच म्हटलं, "आहे."

पलीकडून आत्या परक्या माणसाशी बोलावं तसं बोलली, "कोन बोलतंय?"

"मी, शैला."

"शैला कुठली?"

"अगं आत्या, मी आहे."

"आमची शैला 'हाय' म्हनते," आत्या म्हणाली. "तुमी कोन बाई? आमच्या शैलाला बोलवा. ती नसंल तर नाय म्हनून सांगा, मी ठेवते."

आणि तिने खरंच ठेवला असता. जी बाई भाकरी टाकू देत नाही ती फोन ठेवायला काय घाबरणार? मला एकदम चुलीजवळची ती संध्याकाळ आठवली, सगळे जेवतायत आणि मी तिथेच बसून नाही. मी हात काढला आणि त्या व्हरांड्यात, रांगेच्या देखत, ओरडले, "हाय, आत्या, हाय. मी हाय."

"मग बोल की," आत्या म्हणाली. "जेवलीस?"

फोन ठेवून वळले तर रांगेतल्या मुली तोंड दाबून हसत होत्या. सुमन हसत नव्हती. तिने विचारलं, "ये हाय है क्या?"

मी म्हटलं, "हाय मतलब है. हमारे यहाँ ऐसाच बोलते. मेरेकू देखो, मैं इधर है, ऐसा."

"तो लगी नहीं थी तुझे?"

"नाय."

सुमनने रांगेतल्या मुलींकडे एकदा पाहिलं. त्यांनी तोंडावरचे हात काढले. मग ती म्हणाली, "हमारे गाँव में सै बोलते हैं. सै मतलब है. पहले कैंप में सबने मेरा नाम सै-सै रख दिया था. तब से मैं बोलती ही कम हूँ." आणि म्हणाली, "तू बोल. मुझे अब पता है." मग ती फोनकडे वळली, आपल्या आईशी बोलली. त्या बोलण्यात मी पहिल्यांदा तिचं ते सै ऐकलं, भरभरून, वाक्यागणिक. इतकी बोलकी मुलगी आमच्याबरोबर इतके दिवस मुकी राहत होती.

रविवारच्या मॅचमध्ये पहिला बराच वेळ मी आपली नुसती धावले. मग एकदा सुमनला दोघींनी घेरलं, तिची पाठ माझ्याकडे, आणि मी उजवीकडे एकटी. घशात आला तो शब्द मी गिळला नाही. "हाय!" सुमनने मान वळवली नाही. पाठमोरीनेच चेंडू माझ्या दिशेने सोडला. माझ्या अंगावर असलेली बचावपटू मात्र सवयीने क्षणभर थबकली आणि तिने फिजिओकडे पाहिलं. बिचारे फिजिओ बॅग घेऊन अर्धे उठलेही होते. तेवढा क्षण मला पुरला. चेंडू आला, सपाट, पाण्यावरून सरकत. कुठेतरी साजगावला बाबा खाकरले. स्टिक जमिनीला होती. मी तो घेतला, पळाले, आडवा मारला, आणि आमच्या एका मुलीने तो गोलात ढकलला. फळीवर ठक्क असा आवाज झाला.

खेळ संपल्यावर सरांनी विचारलं, "तू क्या चिल्लाई थी?" मी तोंड उघडायच्या आत सुमनच म्हणाली, "सर, इसका मतलब है, 'है'. ये जहाँ है, वहाँ से बताती है." सर म्हणाले, "पता चल गया," आणि पुढे गेले. जिथे आहोत तिथून सांगायचं, माझ्या दीडातला उरलेला एक मंत्र तो हा.

रिसॉर्टातल्या मंडळींना मी इथपर्यंतच सांगितलं, कारण जेवणाची घंटा झाली. खरी गंमत त्यानंतरची. ऊन कलल्यावर सरांनी आम्हाला मैदानाच्या कडेला उभं केलं. ज्या राहणार त्यांचीच नावं ते घेणार होते, तोंडपाठ, एकेक करून, आणि आम्ही ओ द्यायची. पहिलं नाव सुमनचं. रोजच्या हजेरीला ती नुसता हात वर करायची. त्या दिवशी तिने समोर बघत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, खणखणीत आवाजात म्हटलं, "सै, सर." कुणी हसलं नाही. नावं पुढे जात राहिली. माझं येत नव्हतं. मी बुटांच्या नाड्यांकडे बघत उभी, आणि हायवेवरून आत वळणारा रस्ता, वाणीशेठचं दुकान, सगळं एकेक करून जवळ येत चाललेलं. मग माझं नाव आलं.

आणि माझा आवाज फुटेना. तोंड उघडलं, आतून काही निघेना. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सरांना आत्या माहीत नव्हती, तिची ओटी माहीत नव्हती, परात माहीत नव्हती. त्यांनी फक्त मान वर केली आणि कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "अरे, है कि नहीं?"

"हाय!" मी म्हटलं, आणि ते असं म्हटलं की पार होस्टेलच्या व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या फिजिओंनी कप खाली ठेवला आणि बॅग उचलली.